नसीम सिस्टरच्या बाराजणी

पुलावर पहिल्यांदा शकुंतला पडली. मग पार्वती. मग दोघी जाधव एकदमच, दमून कठड्याला टेकून बसल्यासारख्या. नसीम सिस्टर खुर्चीत पुढं सरकल्या होत्या. डावा हात छातीवर दाबलेला, उजव्या हाताचं बोट काचेवर. "ठैरो गं, आली, रिलीव्हर आली," असं त्या काचेला सांगत होत्या. रिलीव्हर आली नाही. नदीवर धुकं होतं, पूल लाकडाचा होता, आणि माझा चहा निवायच्या आत चौघी गेल्या. बाहेर नांदेडात दुपारचे तीन वाजले होते. गल्लीत भंगारवाला ओरडत होता.

हा खेळ होता, हे आत्ताच सांगून टाकते. टॅबवरचा खेळ. मेल्या त्या बोटाच्या पेराएवढ्या बायका होत्या. खऱ्या शकुंतला सिस्टर त्या वेळी देगलूरला आपल्या ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या. पण नसीम सिस्टरच्या काळजाची झडप खरोखरच खराब झाली होती. ती बदलायला लातूरला जायचं की नाही, हे त्यांनी या खेळावर टांगून ठेवलं होतं. बाराच्या बारा जणी जित्या पलीकडच्या गावात पोचल्या तर जाईन, असं त्यांनी मला आणि त्यांच्या भाचीला सांगितलं होतं. डॉक्टरनं महिना दिला होता. त्यातले अकरा दिवस उरले होते, आणि बारातल्या आठ.

मी गयाबाई. भोकरकडची. शिक्षण चौथी. सरकारी दवाखान्यात आया म्हणून जन्म गेला. दवाखान्यात आयेला नाव नसतं, सगळ्या मावश्याच. नसीम सिस्टर माझ्याहून दोन वर्षांनी मोठ्या, तरी मला मावशी म्हणायच्या. मी एकदा म्हटलं, "सिस्टर, म्या तुमची मावशी कशी होईन? माझी माय तुमच्या नानीला कवा भेटली?" तर म्हणाल्या, "दवाखान्यात रिश्ता वयावर नसतो मावशी, ड्युटीवर असतो."

त्या उदगीरच्या. बाप अत्तराच्या कुप्या विकायचा. घरात शिकलेली ही एकटीच. लग्न झालं नाही. का झालं नाही हे मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. बुटक्या होत्या. स्टुलावर चढल्याशिवाय सलाईनच्या बाटलीला हात पुरायचा नाही. सगळ्या वॉर्डात आवाज त्यांचाच सगळ्यात बारीक. राग आला की तो आणखी बारीक व्हायचा. मोठे डॉक्टरसुद्धा मग वाकून ऐकायचे, आणि वाकलेल्या माणसाला भांडता येत नाही.

त्यांचा एक नेम होता. चार्ज दिल्याशिवाय वॉर्ड सोडायचा नाही. आपली ड्युटी संपली की पुढच्या पाळीची सिस्टर येते, ती रिलीव्हर. तिला सगळं सांगून, दाखवून हवाली करायचं म्हणजे चार्ज देणं. बाकीच्या सिस्टर टेबलाशी उभ्या राहून वही पुढं ढकलायच्या आणि पर्स उचलायच्या. या मात्र रिलीव्हरचा हात धरून खाटेखाटेशी न्यायच्या. "हा चार नंबर. रात्री रडला. का रडला ते सांगत नाही. विचारू नका, नुसतं बसा." असं प्रत्येकाचं. रिलीव्हर कंटाळून जायची. पण रिलीव्हर आली नाही तर नसीम सिस्टर हलायच्या नाहीत.

एकदा त्यांच्या धाकट्या बहिणीचा निकाह होता, उदगीरलाच. दुपारी दोनला सुटणार, गाडी धरणार, संध्याकाळी मांडवात पोचणार, असं ठरलेलं. रिलीव्हर भोकरहून यायची होती. तिची एसटी वाटेत बंद पडली. वॉर्डात दुसऱ्या दोन सिस्टर होत्या. त्या म्हणाल्या, जा बाई, आम्ही बघतो. सिस्टर म्हणाल्या, "तुम्ही बघाल. पण चार्ज कुठं घेतला तुम्ही?" रिलीव्हर सहाला आली. सिस्टर उदगीरला पोचल्या तेव्हा नवरी सासरी गेली होती आणि जेवणाच्या मोठ्या देगा धुऊन उपड्या घातल्या होत्या. पांढऱ्या कपड्यातच त्या मांडवात उभ्या राहिल्या. मला हे त्यांनी हसत सांगितलं. मला हसू आलं नाही. मी म्हटलं, "येडेपणा केलात." त्या म्हणाल्या, "हौ."

रिटायर झाल्यावर त्यांनी आमच्याच गल्लीत दोन खोल्या घेतल्या. पायरी चढली तरी त्यांना दम लागायला लागला होता. भाची शबाना लातूरला कॉलेजात शिकवते. ती आली, तिनं टॅब ठेवला, आणि म्हणाली, फुप्पो, बातम्या बघा, भाज्यांचे प्रकार बघा. सिस्टरांनी त्यात हा खेळ शोधून काढला. भाज्या बघितल्याच नाहीत.

मी रोज दुपारी जायची. कडुनिंबाची सावली खिडकीतून यायची आणि टॅबच्या काचेवर हलायची. आत मोठी दरी होती, डोंगर होते, गवत वाऱ्यानं एका अंगाला लवायचं. त्या गवतातून बाराजणी चालायच्या. बारीक, पाठीवर ओझं घेतलेल्या. त्यांच्यापाशी औषधाच्या पेट्या होत्या, त्या डोंगरापलीकडच्या गावाला पोचवायच्या होत्या. मधे राखाडी कपड्यातले वैरी लपलेले. निंबाची सावली आणि आतली गवताची सावली एकमेकींत मिसळायची. पंखा घरघर करायचा. माझा डोळा लागायचा, आणि झोपेत त्या बाया तशाच चालत राहायच्या. कधीकधी आमच्या वॉर्डातल्या खाटा त्या गवतात मांडलेल्या दिसायच्या, पांढऱ्या चादरींसकट. जागी झाले की सिस्टर विचारायच्या, "कुठपर्यंत गेलात मावशी?" मी म्हणायची, "ओढ्यापर्यंत." त्या म्हणायच्या, "आम्ही पुढं आलो."

खेळात चारचार जणींच्या तीन टोळ्या होत्या. सिस्टरांनी त्यांना नावं दिली सकाळ, दुपार, रात्र. आणि प्रत्येक बाईला आमच्या वॉर्डातल्या एकीचं नाव. टोळीला एक म्होरकी लागते. तिच्या भोवती पिवळं कडं दिसतं. तेवढा तिच्या आवाजाचा पल्ला. कड्यात असलेल्या बाया तिचं ऐकतात, नेटानं चालतात. कड्याबाहेर गेली की ती बाई घाबरते, भलतीकडंच पळते. म्हणजे म्होरकी कोण करायची, यावरच सगळं होतं.

खेळ आपणहून सांगायचा, हिला करा, हिला तारे जास्त आहेत. सिस्टर तारेवालीला कधीच म्होरकी करायच्या नाहीत. वॉर्डातही त्यांनी हेच केलं होतं. हुशार पोरींना सोडून पाळी द्यायच्या शकुंतलाला, जी सुई टोचताना स्वतःच डोळे मिटायची. मी विचारलं होतं, हिला का? तर म्हणाल्या, "हुशार बाईच्या हातात सुई द्यावी मावशी, वॉर्ड देऊ नये. ती पुढं बघते. भित्री बाई मागं वळून बघते, सगळे आलेत का म्हणून." खेळातली दुपारची टोळी त्यांनी शकुंतलालाच दिली.

आणि रात्रीची मला. एके दिवशी मी चष्मा लावून बघितलं तर एका पिवळ्या कड्यात काहीतरी लिहिलेलं. सिस्टर म्हणाल्या, वाचा. मराठीत लिहिलं होतं, गयाबाई.

"हे काय केलंत?" मी म्हटलं. "आया कवा म्होरकी असती का? मला पाणी वाहायला ठिवा."

"खेळ माझा आहे ना?"

"शकुंतला सिस्टर काय म्हणतील? मावशीच्या बरोबरीनं बसवलं म्हनून?"

"शकुंतलाला तुमच्याहून एक तारा कमी आहे," त्या म्हणाल्या. "तिला सांगू नका."

मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू.

पण म्होरकी करूनही त्यांनी माझ्या टोळीला कायम मागं, सामानापाशी ठेवलं. लढायला कधी धाडलं नाही. का, ते मला नंतर कळलं. आणि कोपऱ्यात शिट्टीचं एक चित्र होतं. ते दाबलं की टोळी पाठ फिरवून तळावर परत येते. त्या चित्राला सिस्टरांनी कधी बोट लावलं नाही.

आता पुलाचं सांगते. दुपारची टोळी पुलावर पोचली आणि समोरून वैरी आले. सिस्टरांनी ठरवलं होतं की सकाळची टोळी डोंगर उतरून येईल, पुलाचा चार्ज घेईल, मग दुपारची सुटेल. डोंगरात दरड पडलेली होती. सकाळची तिथं अडकली. दिसत होतं मला. लहान पोराला दिसलं असतं. शिट्टी दाबली असती तर चौघी परत आल्या असत्या. सिस्टरांनी त्यांना उभं ठेवलं. रिलीव्हर आल्याशिवाय कसं सोडायचं. हा खेळ जगात किती लोक खेळत असतील, पण अशी चूक सरकारी दवाखान्यातल्या सिस्टरशिवाय कुणी केली नसती.

चौघी पडल्यावर सिस्टरांनी टॅब मांडीवर पालथा घातला. मग फोन घेतला आणि देगलूरला लावला.

"शकुंतला, जेवलीस का?"

पलीकडून आवाज मोठा होता, मला ऐकू येत होता. "जेवले की. तीन वाजलेत सिस्टर. का हो?"

"बीपीची गोळी घेतलीस?"

"घेतली. असं का विचारून राहिलात? मेले की काय मी?"

"हौ," सिस्टर म्हणाल्या, "आत्ताच."

शकुंतला सिस्टर हसल्या. यांनीही हसून फोन ठेवला. मग पार्वतीला लावला. मग थोरल्या जाधवला, मग धाकटीला. या दोघी काही बहिणी नव्हेत, आडनाव एक म्हणून थोरली-धाकटी. चौघींना जेवलात का, गोळी घेतली का, पायाची सूज कशी आहे. चौघी ठणठणीत होत्या. फोन झाल्यावर सिस्टरांचा चेहरा जास्तच पडला.

मी म्हटलं, "मागून पुन्हा सुरू करा की. शबाना म्हणत होती, येतं म्हनून."

"केसपेपरावर मेलेला माणूस खोडून जिता करतात का मावशी?"

त्यांनी टॅब उशीखाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी शबानाचा फोन आला. लातूरच्या दवाखान्यानं तारीख दिली होती, पुढच्या गुरुवारची. सिस्टर म्हणाल्या, "नक्को. बारा पोचणार होत्या. नाही पोचल्या. बात खतम." ती रडली असावी. यांचा आवाज बारीक होत गेला, त्यावरून मी ओळखलं. मग शबानानं मला फोन केला. "मावशी, तुम्ही तरी बोला. तुमचं ऐकतील." मी म्हटलं, "माझं कुणी ऐकत न्हाई. पर बोलते."

चार दिवस मी बोलले नाही. सिस्टर पडून असायच्या. ओठ जांभळट दिसायला लागले होते. वॉर्डात मी असे ओठ पुष्कळ पाहिलेत. पाचव्या दिवशी भाकरी आणि शेपूची भाजी घेऊन गेले आणि म्हटलं, "तो टॅब काढा."

"कशाला?"

"माझं काय झालं ते बघायचंय."

"कुणाचं?"

"माझं. आतल्या गयाबाईचं. ती कुठं हाय?"

त्यांनी काढला. खेळ उघडला. नदीच्या अलीकडं धुकं तसंच होतं. सकाळच्या चौघी दरडीपाशी, आणि आम्ही रात्रीच्या चौघी पेट्यांपाशी उभ्या. नुसत्या उभ्या. अधूनमधून एखादी या पायावरून त्या पायावर भार टाकायची.

"पाच दिवस उभी हाय व्हय मी?" मी म्हटलं. "पायात गोळे आले असतील."

सिस्टर हसल्या. बऱ्याच दिवसांनी हसल्या, आणि हसताना दम लागला म्हणून थांबल्या.

मी म्हटलं, "एक विचारते. त्या पुलावर कोण येनार होतं?"

"सकाळची टोळी."

"ती अडकलेली तुम्हाला दिसत न्हवती? चष्मा होता की डोळ्याला."

"दिसत होती."

"मग? वॉर्डात मानूस येत होतं, सिस्टर. गाडी बंद पडली तर सहाला, पर येत होतं. म्हनून थांबनं खरं होतं. तिथं कुणी येनारच न्हवतं. तुम्ही चौघींना नेमापायी उभं केलंत."

आमच्या इतक्या वर्षांत मी त्यांना असं कधी बोलले नव्हते. निंबाची सावली काचेवरून सरकून त्यांच्या मनगटावर आली. मी आणखी एक विचारलं, कारण अर्धं बोलून उठायची मला सवय नाही.

"ऑपरेशनच्या टेबलावर जायचं भ्या वाटतंय का?"

"हौ," त्या लगेच म्हणाल्या. जशा कुणी विचारायचीच वाट बघत होत्या. "मी किती माणसं पोचवली मावशी, ऑपरेशनच्या दारापर्यंत. दार बंद झालं की मी वापस फिरायची. आत काय होतं मला माहीत आहे. पण आत मी कधी गेले नाही. बारा पोचल्या तर जाईन, असं बोलले तेव्हा वाटलं होतं, एवढ्या थोड्याच पोचणार आहेत. आणि मग खरंच पोचायला लागल्या."

"मग मला मागं का ठिवलं? लढायला धाडलं का न्हाई?"

"तुम्ही मेल्या असत्या तर फोन कुणाला लावला असता? तुम्ही तर समोर बसलेल्या."

मी ताट पुढं सरकवलं. भाकरी निवत होती. त्या म्हणाल्या, "दार बंद झाल्यावर चार्ज कुणाला द्यायचा, तेच समजत नाही. शबाना लेकरू आहे. या आठजणी, गच्चीतली तुळस, हे घर, मी. कोण घेणार?"

"मला द्या."

"तुम्हाला?"

"आया चार्ज घेत न्हाई, ठावं हाय. पर चौथी पास हाय म्या. लिहून घेते."

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. मग टॅबकडं बघितलं आणि शिट्टीच्या चित्रावर बोट ठेवलं. शिट्टी वाजली नाही, नुसता वाऱ्यासारखा आवाज आला. आठजणींनी पाठ फिरवली. आल्या त्याच गवतातून परत निघाल्या, पेट्या तिथंच टाकून. मी मोजत होते. सिस्टर मोजत होत्या. ओढा ओलांडला, टेकडी उतरली, धुकं विरळ झालं, तळाचे तंबू दिसले. आठच्या आठ आत गेल्या. मग काचेवर मोठी तांबडी अक्षरं आली.

"काय लिहिलंय?"

"हरलात, लिहिलंय."

"लिहू द्या," मी म्हटलं. "जित्या हायेत ना. आता लातूरला फोन लावा."

आम्ही एसटीनंच गेलो. शबाना मोटार पाठवते म्हणत होती, सिस्टर म्हणाल्या, मोटारीत उलटी होते. अहमदपूरच्या स्टँडवर गाडी थांबली. माणसं उतरली, चढली, कंडक्टरनं घंटी मारली. सिस्टरांनी बारीक आवाजात त्याला बोलावलं. तो वाकला.

"मागच्या सीटवरची हिरव्या लुगड्याची बाई आलेली नाही."

"येईल दुसऱ्या गाडीनं, आजी."

"तिचं गाठोडं इथं आहे. ती दुसऱ्या गाडीनं, गाठोडं या गाडीनं?"

कंडक्टर माझ्याकडं बघायला लागला. मी म्हटलं, "थांबा दादा. ही बाई मोजल्याबिगर हलू देत न्हाई." ती बाई मुतारीकडून धावत आली. सिस्टरांनी तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. त्यांचं मोजून झालं होतं.

गुरुवारी सकाळी त्यांना हिरवा झगा घातला. दातांची कवळी काढली, चष्मा काढला. ते दोन्ही माझ्या रुमालात. इतक्या बारीक दिसत होत्या की गाडीवर कुणी चादर विसरून गेलंय असं वाटावं. ऑपरेशनच्या दारापाशी वॉर्डबॉयला म्हणाल्या, "दोन मिनिट." मग मला म्हणाल्या, "वही काढा."

मी वही काढली. त्यांनी चार्ज दिला. कवळी नव्हती, शब्द पोकळ येत होते, तरी एकही गाळला नाही. आठजणींची नावं, एकेक. कुणाचा पाय दुखावलाय, कुणाला पाणी कमी पडलंय. तुळशीला एक दिवसाआड. शबानाला रागावू नका, ती रडेल. मग म्हणाल्या, "आता वाचून दाखवा." मी वाचलं. 'दुखावलाय'चा उकार चुकला होता, तो त्यांनी चष्म्याशिवाय कसा ओळखला कोण जाणे. शेवटी म्हणाल्या, "घेतला?"

मी म्हटलं, "घेतला. जावा."

त्यांनी मान पलीकडं वळवली. मागं बघितलं नाही. दार बंद झालं.

बाकावर मी आणि शबाना बसलो. तिनं माझा हात धरला होता. खिडकीतून ऊन आलं, सरकलं, गेलं. मला डुलकी लागली. दरीतलं गवत एका अंगाला लवत होतं. मी पिवळ्या कड्याच्या मधोमध उभी होते आणि त्या कड्याची कड कुठं संपते ते दिसत नव्हतं. पांढऱ्या कपड्यातलं कुणीतरी बुटकं माणूस लांबून चालत होतं. येतंय की जातंय, ते कळेना. मी हाक मारली नाही. नुसती मोजत राहिले.

तिसऱ्या दिवशी मला आत सोडलं. सिस्टरांच्या तोंडात नळी होती, बोलता येत नव्हतं. डोळे उघडे होते. मला बघून त्यांनी चादरीवरचा हात थोडा उचलला आणि बोटं हलवली. किती, असं.

मी दोन्ही हात वर केले आणि आठ बोटं दाखवली.

त्यांनी डोळे मिटले, आणि नर्स म्हणाली, झोपू द्या आता.

पुलावरच्या चौघी गेल्या. बाकी आठजणी जगल्या, आणि नसीम सिस्टरही.